वडामागचा पाइप

हरणी, बडोदे
ता. ९ जून १९९७

चि. दत्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. रिटायर झाल्यापासून वेळ जात नाही म्हणतोस, तर घे, काम पाठवते.

आमच्या न्हाणीघराच्या नळाची धार करंगळीएवढी झाली आहे. सोसायटीच्या बोअरचं पाणी इतकं जड, की साबणाला फेस नाही आणि तुरीची डाळ तासभर उकळली तरी टणक ती टणकच. वाडीतल्या सुभानराव प्लंबरने गच्चीवर पाइप कापून दाखवला. आत सगळा पांढरा चुना धरलेला, मधे जेमतेम बोटाएवढं भोक. भिंत फोडून पाइप बदला, म्हणाला. अविनाशने लगेच होकार दिला. लेकाला माझ्यापेक्षा प्लंबरचा शब्द मोठा.

ती भिंत कोणती, तुला ठाऊक आहे. ह्यांनी शाळेतली ड्रॉइंगची नोकरी सांभाळून, दोन उन्हाळे खपून, फुटक्या कपबशांच्या तुकड्यांचा वड जिच्यावर लावला ती. पाइप नेमका वडाच्या खोडामागून जातो. सुभानरावने छिन्नी लावली, एक हिरवं पान खाली पडलं आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पान देवघरात ठेवलं आहे.

सूनबाई केमिस्ट्री शिकवते ना शाळेत, पाइपचा तुकडा डोळ्याला लावून बघत बसली. दोन वर्षं झाली तिला या घरात येऊन, पण सुनेत्राच्या मनातलं मला अजून वाचता येत नाही.

तू रेल्वेत जन्मभर पाण्याचंच पाहिलंस. भिंत न फोडता काही होईल का? लवकर लिही. सुभानराव पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा आहे.

तुझ्यावर माया आहेच, उत्तर आलं की आणखी करीन.
तुझी अक्का

मिरज
ता. १७ जून १९९७

ती. स्व. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस हे वाचून आधी हसलो, मग चष्मा पुसावा लागला. दाजी असते तर वडाखाली तुझंही चित्र लावलं असतं.

आमच्या शेडमध्ये इंजिनांच्या बॉयलरच्या नळ्यांत असाच चुना धरायचा, म्हणून पाणी आधी मऊ करून मगच इंजिनाला पाजायचो. घरासाठीही तसं यंत्र मिळतं, सॉफ्टनर म्हणतात. एक उभं नळकांडं, आत बारीक मणी. पाण्यातला चुना ते मणी धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना अंघोळ घालायची, चुना सुटून गटारात जातो. पाणी काही खारट होत नाही. पाइपमधलं जुनं पुट निघेलच असं नाही, पण नवं धरायचं नाही. तेवढ्या भोकातून तुम्हा तिघांच्या अंघोळी खुशाल होतील.

खात्री करायची रीत सोपी आहे. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि हलवायचं. फेस टिकला तर पाणी मऊ. मी हे दर पाळीला करायचो. इंजिनांना मऊ पाणी पाजलं आणि बहीण राहून गेली, याची लाज वाटते.

हे पत्र सूनबाईला वाचायला दे. पाइपात डोळा घालून बघणारी माणसं मला फार आवडतात.

थोरलीचा हात डोक्यावर असू दे.
तुझा दत्ता

हरणी, बडोदे
ता. १९ जुलै १९९७

चि. दत्तास,
अनेक आशीर्वाद.

यंत्र बसलं. पोरीने कमाल केली. तुझं पत्र वाचून स्कूटरवर मकरपुऱ्याला, यंत्राच्या कारखान्यात गेली, पाण्याची बाटली कारखानदारापुढे ठेवली आणि त्याच्याशी गुजरातीत अशी काही बोलली, की यंत्र बसवायला तो स्वतः आला. सुभानरावला चहा पाजून परत पाठवलं. रोज सकाळी ती बाटली हलवायची, आणि फेस आला की मला आणून दाखवायची. मी उगाच तोंड वाकडं करायची, पण मनात वाटायचं, अविनाशने बाकी काही नाही तरी बायको चांगली निवडली.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. आषाढीच्या आदल्या दिवशी सुनेत्राला शाळेत लवकर जायचं होतं. यंत्राच्या टाकीत मीठ घाला, असं मला सांगून गेली. तेवढ्यात शेजारच्या कांचनबेन आल्या. म्हणाल्या, उपासाला तुम्ही मीठ खात नाही आणि तुमच्या तर पाण्यालाच मीठ. तुझं पत्र मी वाचलं होतं, तरी मन मानेना. मिठाऐवजी उपासाचं सैंधव घातलं, होते नव्हते तेवढे सगळे खडे. म्हटलं, उपासही सांभाळला आणि यंत्राचंही काम झालं.

तेव्हापासून बाटलीत फेस नाही. सुनेत्रा रोज हलवते आणि कपाळाला आठ्या घालते. वडामागे पुन्हा चुना धरत असेल. ज्या भिंतीसाठी प्लंबरशी भांडले तिच्या मुळावर मीच उठले, दत्ता. सुनेत्राला कोणत्या तोंडाने सांगू?

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.
अक्का

हरणी, बडोदे
ता. २० जुलै १९९७

ती. स्व. दत्तामामांस,
सा. न. वि. वि.

चार दिवस पाणी मऊ होत नव्हतं, म्हणून आज आई देवळात गेल्यावर मिठाची टाकी उपसली. तळाशी सैंधवाचे खडे आणि लाल माती होती. मिठाचं पाणी ओढणारी बारीक नळी त्या मातीने तुंबली होती, त्यामुळे मण्यांपर्यंत काही पोचलंच नाही. नळी धुतली, मण्यांना साध्या मिठाची अंघोळ घातली. आता फेस टिकतो आहे. चार दिवसांत पाइपचं फारसं काही बिघडलं नसावं ना?

खरं सांगते, आधी खूप राग आला. मग नुकतीच झालेली एकादशी आठवली आणि माझीच मला लाज वाटली. आईंना मीठ घालायला सांगताना त्यांचा उपास माझ्या ध्यानातही आला नव्हता. गच्चीच्या टाकीवरून, यंत्राच्या आधीच, एक वेगळी लाइन बाहेरच्या बाजूने स्वयंपाकघरात आणली तर? पिण्याला, पूजेला आणि तुळशीला मीठ न लागलेलं पाणी मिळेल. चालेल का, कळवा.

आईंना यातलं काही कळवू नका. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, त्याच दिवशी मी ठरवलं होतं, हा वड पडू द्यायचा नाही. मला त्या फार आवडतात. तोंडावर सांगायचं धाडस होत नाही.

मामांनी मलाही भाचीसारखं धरावं.
आपली, सुनेत्रा

हरणी, बडोदे
ता. १६ ऑगस्ट १९९७

चि. दत्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला तुझं उत्तर दोन ओळींचं. घाबरू नकोस आणि गप्प बस, म्हणे. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही, पण बसले.

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारातून देवदर्शन करून आले, तर स्वयंपाकघरात नवा नळ. सुनेत्रा म्हणाली, या नळाचं पाणी थेट बोअरचं, याला मीठ लागत नाही, पिण्याला आणि देवाला हे घ्या. डाळ तेवढी दुसऱ्या नळाच्या पाण्यात शिजवा. एवढं बोलून वह्या तपासायला निघून गेली. मी उपासाच्या जिनसांची फळी आवरायला घेतली, तर रिकाम्या ठेवलेल्या बरणीत सैंधव. धुतलेले, वाळवलेले, विरघळून लहान झालेले खडे. माझेच.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आणि एका शब्दाने तिने मला दुखवलं नाही. मी तिथेच पाटावर बसून रडले. तुलाही ठाऊक होतं का रे? असेल तर सांगू नकोस.

परवाच्या एकादशीला यंत्रात मीठ मीच घातलं, साधं. मग देवघरातलं हिरवं पान काढून सुनेत्राच्या हातात दिलं. तिने पांढरं सिमेंट कालवलं आणि जिथून पडलं होतं तिथे ते लावलं. सिमेंट जरा धरेपर्यंत मी अंगठ्याने दाबून ठेवलं. ह्यांच्यानंतर त्या वडाला लागलेला पहिला हात तिचा.

पान किंचित वाकडं बसलं आहे. ओलं आहे तोवर सरळ करू का, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, तू लावलेलं ओळखू येईल.

दिवाळीला ये, मऊ पाण्याने अभ्यंगस्नान घालते.
तुझी अक्का