पेटीतलं ओळखा

बुधवार, ता. ६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेटी शनिवारी पोचली. रंधा इतका सुरेख मारला आहेस की मोठ्या सरांनी ती आपल्या खोलीत ठेवायला मागितली. मी नाही दिली. आमचा पंचेंद्रियांचा पाठ जोरात चालू आहे. नाकाच्या बाटल्या झाल्या, कानाचे डबे झाले. जिभेच्या दिवशी डोळे बांधलेल्या निम्म्या वर्गाने खडू खाल्ला आणि तो आंबट आहे असं एकमताने ठरवलं. आता मुलं घरी आलेल्या पाहुण्यांना हुंगतात, अशी पालकांची तक्रार आहे.

सोमवारी स्पर्शाचा तास, आणि नेमके तपासणीस साहेब दारात! माझी तीन वर्षांची हंगामी नोकरी पक्की करायची की मला घरी पाठवायचं, हे त्यांच्या अहवालावर आहे. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुसायला धावले. मुलांनी मात्र त्यांना सरळ पेटीच्या भोकातून आत हात घालायला सांगितलं, आणि त्यांनी घातला. फळ्यावर आमचा नियम लिहिलेला होता, की ओळखल्याशिवाय हात काढायचा नाही. साहेब नियमाचे पक्के. आज तिसरा दिवस, हात अजून आतच आहे.

म्हणजे संध्याकाळी घरी जातात. त्यासाठी मुलं त्यांना रोज सुट्टीची चिठ्ठी लिहून देतात. सकाळी दहाच्या ठोक्याला येऊन पुन्हा हात घालतात. कचेरीच्या फायली इथेच येतात, डाव्या हाताने सह्या होतात, आणि दोन कारकून पहिल्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले असतात.

आत काय आहे ते मलाही माहीत नाही. मुलं माझ्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात, म्हणून मीच तुला म्हटलं होतं की काहीतरी घाल, झाकण ठोकून टाक आणि मला कळू देऊ नकोस. आता कळू दे. महिनाअखेरीपर्यंत अहवाल गेला नाही तर माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. वहिनीला नमस्कार.

तुझी घाबरलेली,
खारू


शनिवार, ता. ९

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी पदर तोंडाला लावून हसत बसली. लहानपणी तू बरणीत हात अडकवून बसायचीस, ते कमी पडलं म्हणून आता साहेबाचा हात अडकवलास! आत वहिनीच्या लोकरीचा निळा गुंडा आहे. त्यांना म्हणावं, मऊ असतं, थंडीत उपयोगी पडतं. एवढ्यावर बैलही ओळखेल.

वेळेवर जेवत जा. काळजीने तू वाळतेस आणि मग दोष आमच्या घरावर येतो.

तुझा,
दादा


मंगळवार, ता. १२

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मऊ आणि थंडीत उपयोगी, असं सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. त्यांच्या नोंदवहीप्रमाणे वस्तू गेल्या मंगळवारी थंड होती, बुधवारी चिकट, शुक्रवारी ओली, आणि काल तिने त्यांना गुदगुल्या केल्या. लोकर असं करते का रे?

रोज सकाळी ते एक उत्तर देतात. आतापर्यंत बटाटा झाला, रबरी नळी झाली, झोपलेलं मांजर झालं. पेटीभोवती उभी असलेली मुलं चूक, चूक म्हणून ओरडतात आणि साहेब खूश होऊन खुर्ची आणखी पुढे ओढतात. मोठे सर म्हणतात, शाळेच्या इतिहासात इतकी कसून तपासणी झाली नव्हती. दादा, मला रात्री झोप नाही. तू काहीतरी लपवतो आहेस. माझी शपथ आहे तुला.

खारू


गुरुवार, ता. १४

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

शपथ घातलीस, आता सांगायलाच हवं. लोकरीचा गुंडा आमच्या टेबलावरच राहिला. झाकण ठोकल्यावर ध्यानात आलं. वीस खिळे पुन्हा कोण उपटणार, म्हणून तशीच पाठवली. काल वहिनी त्याच गुंड्याचा मोजा विणताना दिसली तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

पेटी रिकामी आहे.

आणखी एक. हाताचं भोक मी आधी चुकून मागच्या फळीला पाडलं होतं. तीस वर्षं सुतारकाम करून अशी चूक झाली हे तुला कसं सांगू? वरून काळं फडकं लावलं आणि पुढे दुसरं भोक पाडलं. तेवढं मागे जाऊन बघ. नोकरी गेली तर तुझी खोली तशीच आहे, तिथल्या फळ्या मी हलवीन.

तुझा लाजलेला,
दादा


सोमवार, ता. १८

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मागे जाऊन पाहिलं. सतरा नंबरचा हात काळ्या फडक्यातून खांद्यापर्यंत आत. त्याच्यामागे अठरा, एकोणीस, वीस, हजेरीच्या क्रमाने. मधल्या सुट्टीत मी दरडावून विचारलं. पहिल्या दिवशी तासाआधीच मागून हात घालून पाहिल्यामुळे त्यांना पेटी रिकामी असल्याचं कळलं होतं. साहेबांना काहीच सापडलं नाही तर बाईंची नोकरी जाईल, म्हणून एकेकाने आपला हात द्यायचा ठरलं. हात धुऊन घालायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

मला रडूच आलं. मग भीती वाटली, कारण ही चक्क साहेबांची फसवणूक होती. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या भोकासकट. ते मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले की पहिल्या दिवशी, पहिल्याच मिनिटाला त्यांनी ओळखलं होतं. पण ओळखलं म्हटलं की हात काढावा लागतो. त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला सगळे लांबून नमस्कार करतात, घरी कोणी नाही, आणि कोणी हात धरल्याला किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नव्हतं.

आज अहवाल आला. अक्षर डाव्या हाताचं, पण वाचता येतं. वस्तू ओळखता आली नाही. ती ओळखेपर्यंत तपासणी दरवर्षी करावी लागेल. तोपर्यंत वर्ग, पेटी आणि बाई जागच्या जागी कायम ठेवाव्यात.

दादा, मी कायम झाले! मागचं भोक बुजवायला येऊ नकोस. आज शाळा सुटल्यावर वर्गात डोकावले तर मोठे सर एकटेच पेटीपाशी बाही वर सारून उभे होते. मी पाय न वाजवता मागच्या बाजूला गेले आणि फडकं उचललं.

वहिनीला म्हणावं, मोजा पुरा करा. आमच्याकडे लोकर लागत नाही. माया करतोसच, अशीच करत राहा.

तुझी,
खारू