प्लॉट नंबर एकवीसचा कांदा

२ मार्च
प्लॉट मिळाला! मी कामाला आहे त्या लाँड्रीच्या मागे, रेल्वेलाइनच्या पलीकडे नगरपालिकेचे प्लॉट आहेत. भाजी लावायला देतात, वेटिंग असतं. माझा नंबर लागला. एकवीस. अट एकच. मे संपेपर्यंत निम्मी जागा साफ करून लागवड दिसली पाहिजे, नाहीतर प्लॉट पुढच्याला. मे कशाला, त्याच्या आधीच लोकांना कांदा वाटत फिरेन.

लगेच बाबांना फोन केला. घरामागची जागा द्या, गाड्या दुरुस्तीचं शेड टाकतो, हे मी केव्हापासून सांगतोय. बाबांचं तुणतुणं तेच. बेकरी सोडलीस, टायरचं दुकान सोडलंस, वायरमनचा कोर्स तर सुरू व्हायच्या आधीच सोडलास. धरलेलं एक काम तडीला ने, जागा तुझी. म्हटलं, ठरलं, कांदा पिकवून दाखवतो. मागून ताईचा खोकल्यासारखा आवाज आला. सर्दी असेल.

५ मार्च
प्लॉट बघायला गेलो. प्लॉट दिसला नाही. गवत दिसलं, कमरेच्या वर. आत काटेरी झुडपं, एक बाथटब, अर्धी सायकल.

बाविसाव्या प्लॉटवर एक रिटायर्ड बस ड्रायव्हर असतात. सगळे काका म्हणतात. वाफे असे की कंगव्याने भांग पाडलाय. माझं गवत बघून म्हणाले, बाळा, हा लव्हाळा. वरून कापून काही होत नाही, जमिनीत गाठींच्या माळा असतात. खुरपं घे, उकर, एकेक गाठ वेच. रोज हातभर जागा केलीस तरी मेपर्यंत निम्मं होतं.

हातभर! जन्मभर एकाच रूटवर बस चालवली की माणसाचं असं होतं.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला प्लॉटवर.

६ मार्च
साडेनऊला उठलो. गजर वाजला असणार, पण मोबाइल उशीखाली होता. उशीचा दोष.

१५ मार्च
आठवडाभर काम, काम, काम. पाटी रंगवली. वर नंबर, खाली कांद्याचं चित्र. लाँड्रीतल्या सुपरवायझरबाई म्हणाल्या, टोमॅटो झकास जमलाय. चादरींच्या वाफेने त्यांचे डोळे गेलेत.

बाथटब कोपऱ्यात ओढला. त्यात आडवं पडून प्लॅनिंग चांगलं होतं. पाठीला बरोबर टेकण मिळतं.

२ एप्रिल
आज खुरपं घेऊन बसलोच. काका सांगतात तसं उकरलं. एक गाठ निघाली. तिच्या खाली दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, पुढे तिसरी. मग हात दुखायला लागला. संध्याकाळी बघितलं तर साफ झालेल्या जागेत माझं एक बूड मावत होतं. ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही.

१९ एप्रिल
काका मुलीकडे चालले, महिनाभर. जाताना कुंपणाशी थांबून म्हणाले, बाळा, एक ऐक, मशीन मात्र फिरवू नकोस हां.

मशीनचा विचारसुद्धा माझ्या डोक्यात नव्हता. आता आला.

२० एप्रिल
भाड्याने टिलर आणला. आधी वरचं गवत कापलं, मग मशीन घातलं. काय आवाज! एका दुपारीत अख्खा प्लॉट उलटापालटा. माती कशी, चहाच्या भुकटीसारखी. निम्म्याची अट होती, मी पुरा केला. फोटो घरी पाठवला. बाबांचं उत्तर: बरं. बाबा कुणालाच बरं म्हणत नाहीत. जागा मिळाल्यात जमा आहे. शेडला निळे पत्रे टाकावेत का लाल?

२१ एप्रिल
कांद्याचं बी टाकलं. मुठीमुठीने. पाकिटावर अंतर वगैरे लिहिलंय, ते घाबरट लोकांसाठी.

३० एप्रिल
उगवलं!! सगळीकडे! हिरवीगार, टोकदार पाती, तुकतुकीत. बी पडलं नव्हतं त्या कडेलाही उगवलंय. हातगुण म्हणतात तो हा.

८ मे
आज निंदणी. चांगल्या पातींच्या मधे काहीतरी भलतंच उगवलं होतं. दोऱ्यासारखं बारीक, टोकाला वाकलेलं, आजारी पोरासारखं. एकही ठेवलं नाही. सगळं उपटून ढिगाऱ्यावर फेकलं. जोमदार पातींना खत, वर पाणी. कंबर मोडली, पण एवढं मन लावून मी आयुष्यात काही केलं नव्हतं. शिफ्टला उशीर झाला. बाई म्हणाल्या, इस्त्रीचा रोलर तुझी वाट बघत थांबत नसतो. म्हटलं, कांदापण थांबत नसतो.

१५ मे
व्हिडिओ कॉल. घरच्यांना प्लॉट फिरवून दाखवला. आईने मोबाइल अगदी नाकाला लावला. पाती निरखून बघितल्या. मग विचारलं, वेळेवर जेवतोस ना रे? भारावून गेली, दुसरं काय. ताई उठून आतल्या खोलीत गेली. भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही लोकांना.

२५ मे
काका परत आले. बांधावर उभे राहिले. टोपी काढली. मशीन फिरवलंस? म्हटलं, हो, आणि बघा!

काका माझ्या बाथटबमध्ये बसले. मग म्हणाले, अरे, माळा तोडून गाठी प्लॉटभर पेरल्यास की. आणि वर खत? मी म्हटलं, काका, कांदा आहे. त्यांनी विचारलं, उपटलंस ते कुठाय? ढिगाऱ्यातून एक वाळका दोरा उचलला, चुरगाळला, माझ्या नाकाखाली धरला.

कांद्याचा वास आला. काकांच्याच हाताला असेल.

म्हणाले, अजून आठवडा आहे, मीपण खुरपं घेतो, थोडा तरी तुकडा साफ करून काहीतरी लावू. मी विचार करतो म्हणालो. पोटात दुखतंय त्यांच्या.

३१ मे
तपासणी. प्लॉटच्या सेक्रेटरीबाई आल्या. विचारलं, काय लावलंय? म्हटलं, कांदा. त्यांनी एक पात उपटली. खाली काळी गाठ, गाठीला दोरा. हुंगायला दिली. कांद्याचा वास काही आला नाही. मी म्हटलं, सौम्य जातीचा आहे.

प्लॉट गेला. वेटिंगवर पुढचा नंबर आमच्या सुपरवायझरबाईंचा. त्यांनी एकच विचारलं, बाथटब प्लॉटबरोबर मिळतो का?

२ जून
बाबांचा फोन. काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं. बियाणं खोटं निघालं, काका जळतात, सुपरवायझरबाई तर फितूर. बाबांनी पुरतं बोलूच दिलं नाही. म्हणाले, तो लव्हाळा तुझ्या आईने व्हिडिओ कॉलवरच ओळखला. बोलली नाही. म्हणाली, पोरगा पहिल्यांदा इतके दिवस एका जागी टिकलाय, नाक खुपसू नका कुणी.

मी मोबाइल घेऊन खिडकीशी गेलो. लाइन खराब होती.

मग बाबा म्हणाले, घरामागेही तेच माजलंय. सुट्टी काढून ये. हाताने वेचून काढ. मशीन नाही, हाताने. सगळं साफ झालं की टाक तुझं शेड.

आईने फोन घेतला. मी तिची शप्पथ घेतली. हाताने. एकेक गाठ. पहाटे पाचला उठून.

ताईला मेसेज टाकलाय. तिकडे टिलर भाड्याने कुणाकडे मिळतो म्हणून.