निमंत्रक तात्याराव, पाठवणारा ‘नोबडी’

तीर्थस्वरूप सर्जेरावमामा,

बिबवेवाडीहून सुदर्शनचा वाकून नमस्कार. मी ठीक आहे. आपला गुडघा आता खडकी स्टेशनचा जिना चढू देतो का आणि मामींचा खोकला थांबला का, ते कळवावे. (मामींनी सांगितलेला काढा मी नियमित घेतो. आठवड्यातून एकदा.)

आपल्या शब्दावर तात्यारावांनी मला वधूवर मंडळाच्या कचेरीत तीन महिन्यांसाठी ठेवले. मेळाव्याची निमंत्रणे ईमेलने नीट पोचली तर मी कायम, नाहीतर पुन्हा छापील पत्रिका आणि मला नारळ. म्हणून आधीच कळवतो: जमले.

मंडळाच्या वेबसाइटवर पत्रे पाठवणारा छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहून बसवला आहे. (डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, हे त्या प्रोग्रामला माहीत नाही.) बटण दाबले की दोनशे बारा सभासदांना निमंत्रण जाते. पहिले चाचणीपत्र तात्यारावांनाच पाठवले. मजकूर तीनदा तपासला होता, एक वेलांटी चुकलेली नव्हती. पण पाठवणाऱ्याची जागा मी मोकळी सोडली होती, तिथे सर्व्हरने आपल्या मनाने ‘नोबडी’, म्हणजे कोणीच नाही, असे घातले. तात्यारावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि म्हणाले, “एकतीस वर्षं मंडळ चालवतोय. मी कोण ते आज कळलं.” नोंदणी घेणाऱ्या उल्काताई लगेच म्हणाल्या, “अहो, घरी विचारलं असतंत तर आधीच कळलं असतं.”

आता शुभकार्याचे निमंत्रण वडीलधाऱ्यांच्या नावाने जावे, ही आपलीच शिकवण. म्हणून पाठवणारा म्हणून मी तात्यारावांचा रोजच्या वापरातला ईमेल पत्ता घातला आणि वीस जणांना पत्रे सोडली. दोन दिवस एकाचीही तक्रार नाही, म्हणून मी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी तात्यारावांनी फोन केले, तर एकोणीस जणांना काहीच मिळाले नव्हते आणि विसाव्याला मिळाले ते स्पॅममध्ये. ‘पत्र स्वीकारले नाही’ असे कळवणारी सगळी उत्तरे सर्व्हरवर त्या नोबडीच्या पेटीत निमूट साठत होती. कारण असे, की तात्यारावांचा पत्ता एका मोठ्या मेल कंपनीचा आणि पत्र निघाले आमच्या भाड्याच्या सर्व्हरवरून. त्या पत्त्याने पत्रे पाठवायची आमच्या सर्व्हरला परवानगीच नाही. म्हणजे तात्यारावांच्या नावाने बनावट पत्रे पाठवणारा मी ठरलो, तेही त्यांच्यासमोर बसून, त्यांचाच चहा पीत.

मग मी शांतपणे (तीन दिवस जेवण जात नव्हते, पण शांतपणे) सगळे मुळापासून वाचले. वेबसाइटच्याच नावाचा नवा पत्ता काढला. दिसायला नाव तात्यारावांचे, उत्तरे जावीत म्हणून त्यांचा जुना पत्ता निराळ्या रकान्यात. ईमेललाही पाकीट असते, मामा, आणि त्यावरचा परतीचा पत्ता आतल्या पत्त्याहून वेगळा असू शकतो, हे कोणी सांगत नाही. तिथे अजून नोबडीच होता, तोही मंडळाचा केला. हा सर्व्हर आमचाच, अशी नोंद वेबसाइटच्या नावापुढे केली. काल सकाळी पत्रे गेली आणि दुपारपर्यंत त्रेसष्ट उत्तरे आली! तात्याराव म्हणाले, “बरं आहे.” त्यांच्याकडून हे म्हणजे शाल आणि श्रीफळ दोन्ही.

मामींना नमस्कार.

आपला,
सुदर्शन

ता. क. दोनशे बारापैकी एक पत्र परत आले. परतीचा पत्ता बरोबर होता म्हणूनच ते मला कळले, याचा मला अभिमान आहे. ते आपले आहे. आपली मेलपेटी भरली आहे, असे कारण दिले आहे. म्हणून हे हाताने लिहून पाठवत आहे.

आणखी एक. तात्यारावांचा संगणकावर विश्वास नाही, आपल्यावर आहे. “शनिवारी सर्जेरावांना विचारतो. त्यांना पोचलं असेल, तर तू पक्का,” असे ते म्हणाले. आपण खोटे बोलणार नाही, याची मला खात्री आहे आणि भीती त्याचीच आहे. त्या पेटीच्याच जागेत आपल्या फोनमधले सुप्रभातचे फोटोही साठतात. त्यातले गुलाब तेवढे शुक्रवारपर्यंत काढून टाकावेत, मी पत्र पुन्हा पाठवतो. वाचले नाहीत तरी चालेल, फक्त आत येऊ द्यावे.