रुद्रला कोण भरवणार?

प्रिय अंजली,

भांडूनच सुरुवात करणार होते, पण आज तेवढंही त्राण नाही. नाशिकला आमच्या कुपोषित मुलांच्या वॉर्डात रुद्र नावाचं दीड वर्षाचं पोर आहे. दंड मोजायची पट्टी लावली की धोक्याचा लाल रंगच दिसतो आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मागे एकदा सावरून घरी पाठवला होता, तो आणखी सुकून परत आला. पुन्हा असा आला तर हाती लागेल असं मला वाटत नाही.

तेव्हा सोबत मी कंपनीची शेंगदाण्याची पेस्ट दिली होती. हो, तीच, जिच्यावरून पोषण समितीच्या भर बैठकीत तू मला ‘पाकीटवाली बाई’ म्हणालीस! तुझं म्हणणं, आपल्या बायका घरीच नाचणी-शेंगदाण्याचं खाणं करतात, मग बाहेरचं कशाला. माझं म्हणणं, आधी पोर उठू दे.

घे, पाकीट हरलं. रुद्रची आई पायल सुरगाण्याकडची, द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला आलेली. मजुरांच्या पालांवर एका पोराला देऊन दुसऱ्याला वगळायची रीत नाही. “बाकीची पोरं तोंडाकडं पाहत बसतात, ताई. एकट्याला कसं चारू?” म्हणाली. गोड पेस्ट सगळ्यांच्या बोटांवर गेली. मी चिडले खरी, पण तिच्या जागी मी तरी काय केलं असतं?

आता वॉर्डात तू म्हणतेस तसं घरचंच खाणं चालू आहे. मऊ खिचडी, वर तेल, दाण्याचं कूट. चाटूनपुसून खातो, वजनही धरतोय. पण ते ताजं शिजवावं लागतं, थोडंथोडं सारखं भरवावं लागतं, आणि पालावर ते कोण करणार? तिथे पायल उजाडायच्या आत बागेत जाते. टोळीचं काम उक्तं, जेवढं उरकेल तेवढेच पैसे; एक बाई उठली की बाकीच्या कुरकुरतात. रुद्रला सांभाळते त्याची बहीण, तिलाच कुणी भरवावं एवढी. आपण दोघी काय खायला द्यायचं यावरून भांडत बसलो. भरवणार कोण, हे विचारलंच नाही गं.

सोमवारी त्याला सोडायचंय. फोनवर तू मधेच तोडतेस, म्हणून लिहितेय. काल पायलला विचारलं, बाग कुणाची? “दिंडोरीच्या अंजलीताईंची. लय मायाळू हाय मालकीण,” म्हणाली. तुझ्या बागेतल्या एवढ्या बायकांत तुला ती ठाऊक नसेल. अंजली, मजुरी न कापता तिला अधूनमधून पालावर जाऊ दे. आणि खिचडी तुझ्या चुलीवर शिजू दे, तिथल्या सगळ्या पोरांना पुरेल एवढी.

भांडखोर, तरी तुझीच,
उज्वला