सोडा आयत्या वेळी

बडोदे,
२२ एप्रिल २०२४

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, तूही सुरतेला बरी असशील. इथला उन्हाळा नेहमीचाच. दुपारी रस्ते ओस, आणि बाबा गच्चीवर जाऊन टाकीतलं पाणी किती तापलं ते पाहून येतात आणि खाली येऊन मला सांगतात. रिफायनरीतून निवृत्त झाले, पण तापमान घ्यायची सवय काही जात नाही.

पत्र पाहून दचकू नकोस. तुझा आणि आमच्या इंद्रनीलचा घटस्फोट झाल्यापासून आपलं बोलणं म्हणजे दिवाळीला मी शुभेच्छा पाठवायच्या आणि तू हात जोडलेलं चित्र पाठवायचं. फोन करता आला असता. पण फोनवर मी मोगऱ्याबद्दल बोलून ठेवून दिला असता, आणि मला फक्त मोगऱ्याबद्दल बोलायचं नाही. तरी सुरुवात मोगऱ्यापासूनच करते, कारण मला राहवत नाही.

यंदा बाल्कनीतल्या कुंडीला इतकी फुलं आली आहेत की देवाला वाहून, केसात माळून, माठात टाकूनही उरतात. एका संध्याकाळी ओंजळीत कळ्या घेऊन उभी होते आणि एकदम सिस्टर बर्नार्डिनची आठवण झाली. आमच्या कॉन्व्हेंटात उन्हाळ्याच्या सुटीआधी आनंदमेळा भरायचा, आणि त्यात सिस्टर काचेच्या उंच भांड्यात लिंबाचं सरबत करायच्या. वर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असायच्या आणि खालून बुडबुडे वर यायचे. वाडीतल्या आमच्या घरी पन्हं व्हायचं, कोकम व्हायचं, पण बुडबुडे येणारं काही कधी झालं नव्हतं. नाकाला तो बारीक तुषार लागला की मला वाटायचं, मी फार मोठी झाले. साठी उलटून गेली तरी ते वाटणं तसंच्या तसं आठवतं. मग ठरवलं, तसं सरबत करायचं, पण मोगऱ्याचं.

पहिल्यांदा शहाण्यासारखं कळ्या पाकात उकळल्या. समोरच्या कोमलबेनना चव घ्यायला बोलावलं. त्यांनी वास घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "नीराबेन, आ पीवानुं छे के लगाडवानुं?" खरंच, प्यायचं नाही तर केसाला लावायचं तेल वाटावं इतकं कडवट झालं होतं. दुसऱ्यांदा लहरीपुऱ्याच्या बाजारातून मोगरा आणला, तर बाबांनी तो स्वयंपाकघरात येऊच दिला नाही. म्हणाले, बाजारच्या फुलांवर काय फवारलेलं असतं कुणास ठाऊक, गजरा कर आणि घाल. घातला. त्याचंही त्यांनी कौतुक केलं नाही, ते असो.

तिसऱ्या वेळी जमलं, आणि इतकं सोपं निघालं. कळ्या संध्याकाळी, उमलायच्या बेतात असताना तोडायच्या. देठ काढायचे. स्टीलच्या डब्यात साखरेचा थर, कळ्यांचा थर, असं भरून झाकण घट्ट लावायचं. सकाळी कोमेजलेल्या कळ्या वेचून टाकायच्या, संध्याकाळी ताज्या घालायच्या. तिसऱ्या दिवशी डबा उघडलास तर साखर ओलसर लागते आणि आख्खं घर सुगंधाने भरतं. ती साखर लिंबाच्या रसात विरघळवायची, गॅस अजिबात पेटवायचा नाही. वर गारेगार सोडा.

सोड्याने मात्र माझी फजिती केली. सोसायटीतल्या भजनाला ते सरबत करायचं ठरवलं आणि घाई नको म्हणून सगळं आधीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलं. भजन संपेपर्यंत त्यात एक बुडबुडा राहिला नव्हता. बायका चांगल्या, त्यांनी मुकाट्याने पिऊन छान म्हटलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "गॅस निघून गेला, नीरा. टाकीचं झाकण उघडं ठेवून प्लांट चालत नाही."

तर सोडा आधी ओतून ठेवता येत नाही. प्रत्येकीच्या समोर ग्लास धरायचा, एकीने सरबत घालायचं, दुसरीने लगेच बाटली उघडून कडेने सोडा सोडायचा. फेस वर येतो न येतो तोच ग्लास हातात द्यायचा. या कामाला दोघी लागतात.

आता कार्यक्रमाचं सांगते. ३ मेला, शुक्रवारी, आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. दोन वर्षं मी केलं नव्हतं. पहिल्या वर्षी कंबर दुखते म्हटलं, दुसऱ्या वर्षी काय म्हटलं ते आठवत नाही. यंदा करणार आहे, आणि पन्ह्याऐवजी मोगऱ्याचं सरबत देणार आहे. हे ऐकून स्नेहलतावन्सं कारेलीबागेहून रिक्षा करून आल्या. "गौरीला सोडा पाजणार? उद्या तिला पाणीपुरी खायला नेशील." मी म्हटलं, गौरीला वाटीभर पन्ह्याचा नैवेद्य दाखवीन, तिची काही हरकत नसते, हरकत नणंदांची असते. बाबांनी बहिणीसमोर हसू दाबलं. डाळ मात्र कैरीचीच, ती बदलायची माझीही हिंमत नाही.

मग वन्सं जरा वेळाने म्हणाल्या, एवढा घाट घालायचाच तर पुढच्या वर्षी घाल. पुढच्या वर्षी घरात करायला माणूस असेल.

अबोली, यापुढचं वाक्य मी कालच लिहिणार होते. कागद तसाच ठेवून उठले आणि साखरेचा डबा हलवून आले. डब्याला हलवायची काही गरज नव्हती.

इंद्रनीलचं लग्न ठरलं आहे. मुलीचं नाव प्राची. त्याच्याच बंगलोरच्या ऑफिसात आहे. लग्न वैशाखात, तिकडेच, साधंसं. तुला हे फेसबुकवर किंवा कुणा मैत्रिणीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं मला वाटत होतं. वाटत होतं, आणि तरी मी चार पानं फुलांवर घालवली.

तुमच्यात काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही, आता तर विचारायचा प्रश्नच नाही. तो तुमच्या दोघांचा निर्णय होता. पण कोर्टाच्या त्या कागदावर माझी सही नव्हती. मला कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हालाही मोकळं व्हायचं आहे का. सात वर्षं तू या घरात माझ्या चहाला पाणचट म्हणालीस, माझ्या इस्त्रीच्या साड्या परत इस्त्री केल्यास, आणि माझं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांशी माझ्यावतीने भांडलीस. तू मला लेकीसारखी आहेस असं मी लिहिणार नाही. सगळ्याजणी तसं म्हणतात, आणि लेक असतीस तर माझ्याशी इतकी सांभाळून भांडली नसतीस. तू माझी सून होतीस आणि ते मला आवडत होतं.

म्हणून विचारते. ३ तारखेला येशील का? सुरतेहून दुपारच्या गाडीने निघालीस तरी पोचशील. सरबत मी घालीन, सोडा तू ओत. कोमलबेन मदतीला तयार आहेत, पण त्या मला कधीच सांगणार नाहीत की आंबट झालंय. हळदीकुंकू वन्संच लावणार आहेत. ते घ्यायचं की नाही हे तू ठरव. नको असेल तर तुझे दोन्ही हात बाटलीला अडकलेले असतील, कुणी काही म्हणणार नाही.

वन्संना मी सांगितलं आहे की तुला बोलावते आहे. त्या म्हणाल्या, लोक विचारतील ही कोण, तेव्हा काय सांगशील? ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही, आणि तरी मी हे पत्र टाकणार आहे.

नाही आलीस तरी राग नाही.

तुझी,
आई


बडोदे,
५ मे २०२४

प्रिय अबोली,

परवापासून घरात लिंबाच्या साली आणि रिकाम्या बाटल्या यांचंच राज्य आहे. कोमलबेनच्या मुलीने बाटल्या मागितल्या, कशाला कोण जाणे, पण दिल्या. मला अजून झोप नीट लागत नाही, इतका आनंद झाला आहे. या वयात हे बरं दिसत नाही असं बाबांना वाटतं, पण तेही काल भाजी आणायला गेले आणि चार माणसांना सरबताची कृती सांगून आले. कळ्या उकळायच्या नाहीत हे ते असं सांगतात की जणू उकळून पाहिल्या त्यांनीच.

तुझा निरोप आला तेव्हा मी तो पुन्हापुन्हा वाचला. "येते. पण माझी कुणाची कोण म्हणून ओळख करून देऊ नका." लग्नाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि मी तो विषय काढला नाही. तू दारातून आत आलीस, पर्स ठेवलीस, सरळ ओट्याकडे गेलीस आणि चमचाभर चाखून म्हणालीस, "आई, मीठ विसरलात." इतक्या दिवसांनी आपण भेटलो आणि तुझं पहिलं वाक्य हे. मी मीठ शोधायला कपाटात डोकं घातलं, ते जरा जास्त वेळ घातलं.

आपल्या दोघींचे हात किती चटकन जुळले, नाही? मी घातलं की तू ओतायचीस, मला मागे वळून पाहावं लागलं नाही. वन्सं कुंकवाचा करंडा घेऊन तुझ्यापर्यंत आल्या तेव्हा मी मुद्दाम तोंड फिरवून उभी होते. तुमचं दोघींचं काय ते तुम्ही पाहिलंत.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती सांगायलाच हे पत्र.

तू बर्फ आणायला आत गेली होतीस. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली अस्मिता, ती हिरव्या साडीतली, तिने सहज विचारलं, "काकू, सोडा ओतत होत्या त्या तुमच्या कोण?" तिचा काही दोष नाही, तिला कुठून माहीत असणार. बाकीच्यांना मात्र माहीत होतं. कोमलबेन आपल्या ग्लासात काहीतरी पडल्यासारख्या पाहू लागल्या. मी तुला शब्द दिला होता. तोंड उघडलं असतं तर सून म्हणाले असते, आणि ते आता खरं नव्हतं. पाहुणी म्हटलं असतं तर ते त्याहून खोटं झालं असतं. मी पळीने सरबत ढवळत राहिले.

तेव्हा सोफ्यावरून स्नेहलतावन्सं म्हणाल्या, "ती आमची अबोली." आणि सरबताचा घोट घेऊन पुढे, "माझ्या ग्लासात सोडा कमी घातलाय तिने. आली की सांगते."

इतकंच. अस्मिता बरं म्हणाली आणि डाळीत हिंग किती घातला ते विचारू लागली. बायका बोलायला लागल्या. तू बर्फ घेऊन आलीस आणि वन्संनी तुला खरोखरच ग्लास पुढे करून ऐकवलं. तुला वाटलं असेल, या बाई अजून तशाच आहेत.

त्या जायला निघाल्या तेव्हा मी त्यांना काही म्हणणार होते. त्यांनी म्हणू दिलं नाही. "पुढच्या वर्षी पन्हं कर," एवढं म्हणून जिना उतरल्या.

आता जे राहिलं ते.

बाबा तुला स्टेशनवर सोडून परत आले आणि बूटही न काढता खुर्चीत बसले. म्हणाले, तिने गाडीत लग्नाची तारीख विचारली, मी सांगितली. तारीख मी पत्रातच लिहायला हवी होती. वैशाखात असं मोघम लिहून मी सुटले आणि बाबांना तोंडाने सांगावं लागलं. एकोणीस तारखेला सकाळी.

त्याच संध्याकाळी मी इंद्रनीललाही फोन केला. तू येऊन गेलीस हे लपवून ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. तो म्हणाला, "आई, हे मला सोयीचं नाही." मी म्हटलं, "माहीत आहे रे." तो रागावलेला नाही, पण खूशही नाही. प्राचीला तो स्वतः सांगणार आहे. ती काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित पुढच्या चैत्रात तिलाही सोडा ओतावासा वाटेल, आणि तेव्हा मला काय करावं ते कळणार नाही. ते तेव्हा पाहू.

तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहिते. मी लग्नाला जाणार, आणि आनंदाने जाणार. पैठणी काढून ठेवली आहे. तो माझा मुलगा आहे, ती मुलगी चांगली आहे, आणि मी तिथे तोंड पाडून बसणार नाही. तू ते समजून घ्यावंस असंही मी म्हणत नाही. समजून घेण्याचं काम सगळ्यांनी तुझ्यावरच टाकलं आहे, त्यात माझी भर नको.

लग्नाच्या दिवशी मी तुला फोन करणार नाही. त्या दिवशी तुला माझा आवाज नको असेल, मागे सनई चालू असलेला तर नकोच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी करीन. बोलायला काही नसलं तरी चालेल. मी काही विचारणार नाही, समजावणार नाही, तू ऑफिसला निघेपर्यंत नुसती फोनवर असेन.

उचलशील ना?

तुझी,
आई