उताणा मेंढा

थोरल्या हिल्डाताईला धाकट्या अँब्रोजचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की सध्या त्याच आसनात पडून लिहितो आहे, पाठ टेकवत नाही.) तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव. व्हिटबीची समुद्रावरची खारी हवा दोघांना मानवत असेलच. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे डोंगर जागेवर आहेत.

मेंढरं वीक आणि माझ्याकडे राहायला ये, असं तू पुन्हा लिहिलंस. ताई, बाबांची वेन्स्लीडेल जातीची मेंढरं विकायला ती काय बटाटे आहेत? हातभर लांब, रेशमासारखी चकाकणारी लोकर, प्रत्येक बट पीळ घातल्यासारखी. (बाहुल्यांना केस लावणाऱ्या बायका ती दारात येऊन मागतात.) आपला मेंढा डोंगरी मेंढीला दिला, की कोकरं अंगानं भरलेली आणि लोकरीनं देखणी निपजतात. आपल्या मेंढ्याचं, बॅरनचं तर विचारूच नकोस. निळसर तोंड, कपाळावर झुलपं, आणि चालणं असं, की हे सगळं खोरं याच्या आज्यानं घेऊन ठेवलंय. अवगुण एकच. भिजलेली लोकर इतकी जड होते, की उताणा पडला तर उठता येत नाही. पोट फुगतं आणि खेळ खलास. म्हणून तर उताणं मेंढरू दिसलं की ते हाडवैऱ्याचं असलं तरी दगडी गडगा ओलांडून सरळ करायचं, ही आपल्याकडची रीत.

हाडवैरी म्हणजे शेजारचा नेड थ्वेट. तुला सगळं ठाऊक आहे, पण सांगितलं की मला बरं वाटतं. त्याचा शिंगवाला डोंगरी मेंढा गडगा उडवून आपल्या शुद्ध मेंढ्यांत शिरला आणि त्या वसंतात एकजात काळतोंडी, खरबरीत लोकरीची कोकरं झाली. जाब विचारायला गेलो तर म्हणतो, "जोडा तोच की रे, नुसता उलटा लागला." तेव्हापासून बोलणं बंद. तो हट्टानं लांबच्या बाजारातून मेंढा आणतो, आणि त्यानं बॅरन मागावा नि मी नाही म्हणावं, याची मी वाट बघत बसतो.

मंगळवारी पावसात वरच्या रानात बॅरन उताणा दिसला. लोकर धरून जोर लावला, पाठीत कट्कन काहीतरी सरकलं आणि मीही आडवा. आडवा कसला, उताणाच. अंगात बाबांचा जाड कोट (आपल्याच लोकरीचा, पोटभर पाणी प्यालेला), त्यामुळे कुशीवरही वळता येईना. बॅरन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. गडग्यावर कावळे येऊन बसले. ताई, मी घाबरलो. हाक मारावी तर कुणाला, हे आठवेना.

आला तो नेड. आधी त्यानं बॅरनला सरळ केलं आणि त्याचे पाय ठरेपर्यंत त्याला मांड्यांत धरून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, इथे माणूस पडलाय."

तो म्हणाला, "मेंढा फुगला तर मरतो. तू काय, गेली कित्येक वर्षं फुगलेलाच आहेस."

मग मला उठवून घरी आणलं, चूल पेटवली, चहा केला आणि निघून गेला. वैऱ्याच्या हातचा चहा, आणि तोही चांगला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. असो. मी ठणठणीत आहे. मेंढरं विकायची गोष्ट पुन्हा काढू नकोस.

तुझा,
अँब्रोज

ता. क. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा जोर लावलास तर पाय कायमचे जातील. तुमची मागची खोली फार थंड नसते ना?

आणखी एक ता. क. मी नेडशी बोलत नाही, तेव्हा तूच त्याला चार ओळी लिही. बॅरनला आणि मेंढ्यांना तो ठेवून घेईल का, विचार. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस, तुझ्याच मनात आलं म्हण. लोकरीचं, कोकरांचं काय करायचं ते त्याला कळतं. एवढंच लिही, की पाऊस पडून गेला की वरच्या रानात एक चक्कर टाकत जा, आणि कुणी उताणं दिसलं तर आधी त्यालाच उठव.