देवीनं नेलेलं दुखणं

मनीषनगर, नागपूर
२४ सप्टेंबर २०२५

चि. बळीरामास सिंधूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नवरात्रात तू चपलांबरोबर मोबाईलही सोडलास, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या सुनेच्या, धनश्रीच्या हाती पाठवते. साखर तुलाही आहे आणि मलाही. मी रोज पोटात सुई टोचून घेते. तू डांबरी रस्त्यानं अनवाणी फिरून देवीला साखर उतरवायला सांगतोस. एवढे राक्षस मारून दमलेल्या बाईनं आता तुझे रिपोर्टही बघायचे! त्यात उपासाला साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे तिची परीक्षाच. निदान गोळ्या घे.

लोभ वाढव, साखर वाढवू नकोस.
तुझी ताई

कळमेश्वर
२६ सप्टेंबर

ती. सिंधूताईस बळीरामचा शि. सा. नमस्कार.

तुझी चिठ्ठी वाचून घरातले सगळे हसले. गोळ्या घेतो आहे. पण ताई, तुझ्या सुईला जमलं नाही ते आईनं केलं. दोन वर्षं तळपायांची आग व्हायची, ओला पंचा गुंडाळून पडायचो. आता काही नाही! भर दुपारी डांबरावर चाललो, चटका नाही. शेजारच्या शोभाताई खडा टोचला म्हणून बसल्या, मी पुढे. सगळे म्हणतात, बळीरामवर कृपा झाली. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कोणी माझ्याबद्दल काही म्हटलं.

लोभ असाच ठेव, टोमणे जरा कमी केले तरी चालतील.
तुझा बळीराम

मनीषनगर
२७ सप्टेंबर

चि. बळीराम,

आशीर्वाद नंतर. आज टोमणा सुचत नाही, मी घाबरले आहे. ते दुखणं देवीनं नेलं नाही, साखरेनं तुझ्या पायांची जाणीव नेली. माझं पायाचं बोट कसं गेलं ते आठव. चपलेत खिळा घेऊन मी सीताबर्डी हिंडले, कळलंसुद्धा नाही. आत्ताच्या आत्ता धनश्रीला तळवे दाखव. सुनेला पाय कसे दाखवू म्हणून लाजू नकोस. तुला देवीची शपथ. मी शपथ घातली यावरूनच निकड ओळख गा.

ताई

कळमेश्वर
५ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

उजव्या टाचेत काच निघाली. कधी शिरली कोण जाणे. तळवा पाहून धनश्री रडायला लागली, तेव्हा मला वाटलं, ही काहून रडून राहिली? डॉक्टरांनी विचारलं की यावर चालत कसे होता. कृपा म्हणायची हिंमत झाली नाही. आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता, म्हणाले. पाय वाचला, ताई. तू वाचवलास.

रोज जखम साफ करतात आणि मी छताकडे बघत पडून असतो. तू हसशील, पण देवी मी सोडली नाही. मागणं तेवढं बदललं. आधी म्हणायचो, दुखणं ने. आता म्हणतो, आई, थोडं दुखू दे.

लोभ आहेच. टोमणे कमी करू नकोस, ते अजून टोचतात.
तुझा बळीराम